चिठ्ठीवरचे ‘ओडी’: उजवा डोळा की दिवसातून एकदा?

चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ‘ओडी’ आणि ‘ओएस’ अशी अक्षरे असतात. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा आणि ‘सिनिस्टर’ म्हणजे डावा. (इंग्रजीत सिनिस्टर ‘अशुभ’ या अर्थाने येतो, तुमच्या डाव्या डोळ्याशी त्याचा संबंध नाही!)

आपण उजवा हात, उजवी बाजू, उजवे पाऊल म्हणतो, तसेच लॅटिनमध्येही विशेषण लिंगाप्रमाणे बदलते: डेक्स्टर, डेक्स्ट्रा, डेक्स्ट्रम. डोळा पुल्लिंगी म्हणून ‘ऑक्युलस डेक्स्टर’; कान मात्र तिथे स्त्रीलिंगी, म्हणून ‘ऑरिस डेक्स्ट्रा’.

घोटाळा होतो तो औषधाच्या चिठ्ठीवर. आपल्याकडे गोळ्यांपुढे ‘ओडी’ लिहिले की अर्थ ‘दिवसातून एकदा’. आता काचबिंदूच्या थेंबांपुढे ‘ओडी’ असेल तर काय समजायचे? डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांत दिवसातून एकदा असे म्हणायचे असेल आणि घरच्यांनी उजवा डोळा असा अर्थ लावला, तर डावा डोळा औषधाविना राहतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून मी ‘उजवा डोळा’ असे पूर्णच लिहितो.

तुमच्या चिठ्ठीवर नुसती अक्षरे असतील, तर दवाखान्यातून निघण्यापूर्वी कोणता डोळा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे विचारून त्याच कागदावर मराठीत लिहून घ्या.