पिपातला बेदाणा

विट्याहून तासगावच्या वाटेला लागलं, की फेब्रुवारी-मार्चात बेदाण्याच्या शेड दिसू लागतात. रॅकच्या जाळीवर द्राक्षं सावलीत वारा खात सुकत असतात. माल पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. काळ्या बेदाण्याचा वास मात्र वेगळाच, काकवीच्या जवळ जाणारा. शेरीच्या पिपात मुरलेली स्कॉच पहिल्यांदा नाकाशी धरली, तेव्हा मला हाच वास आला.

खरं तर ही व्हिस्की बार्लीची. भट्टीतून उतरते तेव्हा पाण्यासारखी नितळ. मग ती ओकच्या पिपात किमान ३ वर्षं राहते, चांगली असेल तर १२-१५. रंग आणि बरीचशी चव तिथलीच. पिपात आधी शेरी, म्हणजे स्पेनच्या हेरेस भागातली वाइन, भरलेली असते. ओलोरोसो शेरी हवा लागत जुनी होते; तिच्या पिपातून अक्रोड, संत्र्याची साल, दालचिनी येते. पेद्रो हिमेनेझ जातीची द्राक्षं आपल्यासारखीच सुकवतात, पण उघड्या उन्हात. म्हणून त्यांच्या शेरीच्या पिपातली व्हिस्की खजूर-अंजिरासारखी गोडसर लागते. युरोपी ओकचा तुरटपणा जिभेच्या कडेला रेंगाळतो, कोऱ्या चहासारखा.

पूर्वी शेरी पिपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिपं स्कॉटलंडच्या कामी यायची. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं सक्तीचं झालं आणि ती आवक थांबली. आता मॅकॅलनसारखे कारखाने नवी पिपं घडवून घेतात आणि वर्ष-दोन वर्षं त्यांत मुद्दाम शेरी ठेवतात. मला यात खोट वाटत नाही. पीप मुरवणं हीसुद्धा कारागिरीच.

गंधक तिथंही आहे. रिकाम्या पिपात बुरशी धरू नये म्हणून गंधकाची कांडी जाळतात. ती जास्त झाली, की व्हिस्कीला नुकत्याच ओढलेल्या काडीचा वास येतो. धुरी जादा झालेला बेदाणा चावला की घशाला असाच झोंबतो.

गोव्यात कुंकळ्ळीच्या पॉल जॉन या कारखान्यानंही ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझच्या पिपांत व्हिस्की मुरवली आहे. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते; गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. तिथं १५ वर्षं थांबायची सोयच नाही.

मी चार थेंब पाणी घालून पेला दहा मिनिटं तसाच ठेवतो. आधी संत्र्याची साल वर येते, मग अक्रोड. बेदाणा सगळ्यात शेवटी, पेला रिकामा झाल्यावर, तळाशी.