विकासकर्जे आणि स्त्रियांचा प्रवास

पूर्वी सावकाराच्या कागदावर घरातल्या स्त्रीची सही क्वचितच असे. परंतु त्या कागदाचे व्याज पुष्कळदा तिच्याच अंगावरच्या दागिन्यांतून फिटत असे. राष्ट्राच्या कर्जाची गोष्टही काहीशी अशीच आहे. रेल्वे, वीज, पाणी, रस्ते यांसाठी सरकार परकीय विकासबँकांकडून मोठ्या रकमा उचलते. त्यांचे हप्ते पुढे अनेक वर्षे भाड्यांतून आणि करांतून फिटत राहतात, आणि ही भाडी व हे कर स्त्रियाही भरतात. तेव्हा अशा कर्जांतून उभ्या राहिलेल्या कामांचा स्त्रियांना किती उपयोग होतो, हा प्रश्न दयाबुद्धीने विचारण्याचा नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे.

भारताला जागतिक बँकेचे पहिले कर्ज १९४९ साली मिळाले. ते ३ कोटी ४० लक्ष डॉलरचे होते आणि रेल्वेसाठी होते. पुढे १९५९ साली आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पासाठी त्याच बँकेने अडीच कोटी डॉलर दिले. त्या काळी कर्ज देणारा आणि घेणारा या दोघांचीही दृष्टी इंजिने किती, किलोवॅट किती आणि परतफेड केव्हा, एवढ्यावरच असे. वीज आली की ती घराघरांत जाईल आणि स्त्रीचे कष्ट आपोआप हलके होतील, असे गृहीत धरले जाई. काही अंशी तसे झालेही. पण ज्यांची घरे व शेते कोयनेच्या जलाशयाखाली गेली, त्या कुटुंबांतील स्त्रियांना पाणवठा, शेजार, माहेरची वाट हे सारे नव्या ठिकाणी पुन्हा जुळवावे लागले. त्या श्रमांची नोंद करण्यासाठी हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता.

आता तो रकाना निर्माण झाला आहे. आशियाई विकास बँकेसारख्या संस्था प्रत्येक प्रकल्पाची, त्यात स्त्रियांच्या हिताचा विचार किती झाला आहे हे पाहून, वर्गवारी करतात. वरच्या वर्गातील प्रकल्पाबरोबर स्त्री-पुरुष समतेचा एक कृती-आराखडा जोडावा लागतो. स्थानकावर व त्याच्या वाटेवर दिवे असावेत, स्वच्छतागृहे असावीत, बांधकामात व पुढील नोकऱ्यांत स्त्रियांना स्थान मिळावे, नकाशे कायम होण्यापूर्वी स्थानिक स्त्रियांचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी कलमे त्यात येतात. कर्जाची रक्कम एकदम हाती पडत नाही. कामाच्या प्रगतीनुसार ती टप्प्याटप्प्याने उचलावी लागते आणि प्रगतीचे अहवाल द्यावे लागतात. या कलमांचे बळ आहे ते इथे. जे काम एरवी सदिच्छेवर राहिले असते, त्याला अहवालात उत्तर द्यावे लागते. मात्र अहवाल भरला म्हणजे वाट उजळली, असे कोणी समजू नये.

याचा प्रत्यक्ष अर्थ पाहण्यासाठी आपण बेंगळूरच्या दक्षिण टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत जाऊ. १९७० नंतरच्या दशकात, रा. कृ. बाळिगा यांच्या पुढाकाराने, कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या संस्थेने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या परिसरात सुमारे ३३२ एकरांवर ही उद्योगनगरी वसवली. शहराच्या मध्यापासून ती दूर, आणि तिकडे जाणारा मुख्य रस्ता एकच, होसूर रस्ता. या रस्त्याने दोन प्रकारच्या स्त्रिया कामाला जातात. एक संगणक-कंपनीतली अभियंता. तिच्यासाठी कंपनीची बस किंवा मोटार असू शकते. दुसरी, बोम्मनहळ्ळीच्या आसपास तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणारी कामगार. तिला सार्वजनिक बस अथवा स्वतःचे पाय. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्यावर नवी बंधने येत आहेत असे कळताच याच कामगार स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर उतरल्या आणि होसूर रस्ता ठप्प झाला. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला. या रस्त्यावर किती स्त्रियांचे पोट अवलंबून आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाला दिसले.

जानेवारी २०१० मध्ये याच रस्त्याच्या डोक्यावरून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला झाला. एका खाजगी कंपनीने पथकराच्या भरवशावर तो बांधला. त्याने मोटारीतल्या प्रवाशाचा वेळ वाचवला, यात शंका नाही. परंतु खालच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर त्याने केवळ सावली धरली. भांडवल तेच, सिमेंट तेच, पण ते कोणाचा प्रवास डोळ्यांपुढे ठेवून ओतले, यावर फळ ठरते.

१० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत १९ किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा मार्ग, १६ स्थानके आणि सुमारे ७,१६० कोटी रुपये खर्च. हा मार्ग मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातला आहे, आणि त्या टप्प्याच्या भांडवलात केंद्र व राज्य सरकारांच्या वाट्याबरोबर परकीय विकासबँकांची कर्जेही आहेत. सेंट्रल सिल्क बोर्ड येथे या मार्गाला भेटणाऱ्या आणि कृष्णराजपुरावरून विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गासाठी आशियाई विकास बँकेशी २०२१ साली ५० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. सुमारे ५६ किलोमीटर लोहमार्ग व ३० स्थानके हे त्याचे स्वरूप. बस, पादचारी वाट आणि मेट्रो यांची एकमेकांशी सांगड घालावी, आणि तसे करताना स्त्रिया, मुले, वृद्ध व अपंग यांच्या गरजा लक्षात घ्याव्यात, हाही त्या योजनेचा भाग आहे.

हे शेवटचे कलम वरवर किरकोळ वाटेल. माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. पुरुषाचा प्रवास पुष्कळदा घर ते कचेरी असा सरळ असतो. स्त्रीच्या प्रवासाला वळणे असतात: मुलाला शाळेत पोहोचवणे, वाटेत भाजी, सासऱ्यांचे औषध, मग काम. तिचा प्रवास गाडीच्या दारात संपत नाही, घराच्या दारात संपतो. रात्री नऊ वाजता स्थानकाबाहेर दिवा नसेल, पदपथ उखडलेला असेल आणि पुढची बस नसेल, तर १९ किलोमीटरांची सोय अर्ध्या किलोमीटरापाशी वाया जाते. मग घरचे म्हणतात, नोकरी सोड. आणि ती सोडतेही.

दुसरी अडचण भाड्याची. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळूर मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले. कर्ज फेडायचे, गाड्या चालवायच्या, तर उत्पन्न हवेच, हे खरे. पण भाडे शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या आवाक्याबाहेर गेले, तर जिच्या नावाने कृती-आराखडा लिहिला, तीच स्थानकाखालच्या थांब्यावर बसची वाट पाहत उभी राहील. आणि कराच्या रूपाने कर्जातला आपला वाटा मात्र भरीत राहील.

यावर उपाय काय? तो आपल्या महाराष्ट्रातच एका वेगळ्या क्षेत्रात आजमावला गेला आहे. २००३ साली जागतिक बँकेच्या कर्जातून जलस्वराज्य प्रकल्प सुरू झाला. पाण्याची योजना ठरवताना गावात महिलांची स्वतंत्र ग्रामसभा भरवावी आणि पाणीपुरवठा समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक त्यात होता. सर्वच गावांत तो सारख्या निष्ठेने पाळला गेला असे नाही; काही ठिकाणी सही पत्नीची आणि बोलणे पतीचे, असेही घडले असेल. परंतु हंडा जिच्या डोक्यावर, तिला नळ कोठे हवा हे खोदाईपूर्वी विचारायचे, हे तत्त्व त्यातून रुजले. तोच न्याय शहरातल्या स्थानकालाही लागू आहे. जिन्याचे तोंड कोणत्या गल्लीत उघडावे, शेवटची बस किती वाजता असावी, कामगार स्त्रीसाठी मासिक पास किती रुपयांचा असावा, हे प्रश्न उद्घाटनानंतर विचारून भागत नाही. ते करारावर सही होण्यापूर्वी विचारले पाहिजेत.

ज्याने कर्ज घेतले, त्याला पैशाचा विनियोग विचारण्याचा अधिकार असतो. बोम्मनहळ्ळीची शिवणकामगार आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतली अभियंता या दोघीही या कर्जाच्या भागीदार आहेत. त्यांनी मेट्रोबद्दल कोणाचे आभार मानण्याची गरज नाही. स्थानकापासून घरापर्यंतच्या वाटेवर दिवा का नाही, एवढे विचारले तरी पुरे.