वाळूतला तारामासा

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर कधी पाच हातांची चांदणी पडलेली दिसते. आपण ती मेलेली समजतो आणि शोभेसाठी घरी नेतो. हाच तारामासा. नावात मासा असला तरी हा मासा नव्हे; याला ना कणा, ना मेंदू.

खडकावरच्या अनेक तारामाशांच्या पायांना टोकाशी चूषक असतात. त्यांच्या जोरावर ते शिंपल्याची झडप ओढून उघडतात. वाळूत राहणाऱ्या अ‍ॅस्ट्रोपेक्टेनला हे चूषक नाहीत. मग त्याला दुबळा म्हणावे काय? मुळीच नाही. सरकत्या वाळूला चिकटून काय साधणार? तेथे खणणारे पाय हवेत, म्हणून याचे पाय टोकदार असतात. त्यांनी तो अंगाखालची वाळू दोन्ही बाजूंस लोटतो आणि जागच्या जागी खाली उतरतो. त्याच्या पाठीवर छत्रीसारख्या बारीक खुंट्या असतात. त्यांवर वाळू अडते, खाली पाणी खेळते राहते आणि श्वास चालू राहतो. भक्ष्य तो सगळेच गिळतो. गुदद्वार नसल्यामुळे रिकामे शिंपले तोंडावाटेच परत टाकतो.

आपल्याला जी उणीव वाटली, तीच येथे सोय ठरली.

याचे भाऊबंद भारताच्या किनाऱ्यांवरही आहेत. तेव्हा पुन्हा चांदणी दिसली, तर ती अलगद उलटी करून पाहू या. हातांच्या खाचांत पाय वळवळत असतील, तर ती जिवंत आहे. तिची जागा आपल्या कपाटात नाही, पाण्यात आहे.