पंपाला हात लावण्याआधी
बॉनेटखालच्या गोष्टी : भाग ६

जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. शाळा उघडायच्या तोंडावर पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे येत असतात, आणि ते भरून आलेली वीस वर्षांची डिझेल पिकअप नेमकी तिथेच, मागे हॉर्नचा कल्ला चालू असताना, दोन आचके देऊन गप्प होते. किल्ली फिरवली की चालू होते, थरथरत तांबड्या जोगेश्वरीपर्यंत जाते आणि पुन्हा तेच. जमलेल्या चौघांत एकाचं तरी निदान तयार असतं : "काका, पंप गेला." बुधवार पेठेत सल्ला फुकट मिळतो. पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाकला की त्याची किंमत कळते.

माझं म्हणणं असं, की पंप हा शेवटचा संशयित धरावा. आणि गाडी 'बंद पडते' नि 'अडखळते' या दोन तक्रारी एका दमात सांगू नयेत, कारण त्यांचे पत्ते वेगळे असतात.

टेल्कोची ४०७ १९८६ साली आली आणि टाटामोबाइल पिकअप १९८८ मध्ये. त्या घराण्यातल्या इंजिनांची नावं मोठी बोलकी आहेत. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर. आपल्या कामाचा आहे तो पहिला आकडा. टाकी, पाइप, फीड पंप, फिल्टर आणि डिझेल पंप इथपर्यंत चौघांचा संसार एकत्र असतो. पंपातून बाहेर पडल्यावर मात्र प्रत्येकाची चूल वेगळी : स्वतःची नळी, स्वतःचं नोझल. इंजिन साफ बंद पडतं तेव्हा दोष बहुतेक एकत्र संसारात असतो. चालू राहून हलतं, तेव्हा एखाद्याच चुलीत.

पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारायचा : बंद पडताना कसं पडलं? दिवा घालवावा तसं एका क्षणात गेलं असेल, तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर बघा. सैल लग्ज किंवा गंजलेलं टोक एवढ्यावर काम भागतं. पण वर-खाली हेलकावे खात, रेस दिली तर क्षणभर सावरत गेलं असेल, तर ते डिझेलला मुकलं आहे.

हे आयडलिंगलाच, म्हणजे गर्दीतच का होतं? मिनिटाला ७५० फेरे धरा. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे चौघे मिळून मिनिटाला १,५०० वेळा, तासाला ९०,००० वेळा. तीन लिटरचं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर डिझेल पितं असं मानलं, तर एका वेळचा घास ८ घनमिलिमीटरच्या आसपास येतो. पाण्याच्या एका थेंबाचा सहावा हिस्सा म्हणा! इतक्या लहान घासात हवेचा एक बुडबुडा शिरला की काय उरणार? डिझेल दाबलं तर सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. नोझलची सुई उचलायला वातावरणाच्या शंभर ते अडीचशे पट दाब लागतो. पंप आपला झटका देतो, तो हवाच गिळून टाकते.

यालाच मिस्त्री 'एअर धरली' म्हणतात. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर दाबत राहायचं, बुडबुडे थांबले की आवळायचं, हे बहुतेक ड्रायव्हरांना येतं. गोची पुढे आहे. अर्ध्या तासाने पुन्हा एअर धरली तर ती आत येते कुठून? माणूस खाली वाकून गळती शोधतो, कुठेच ओल दिसत नाही, आणि तो म्हणतो की लाइन ठीक आहे. फीड पंपाच्या पुढे डिझेलवर दाब असतो, तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं. मागे, टाकीकडच्या बाजूला, पंप ओढत असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथलं भोक डिझेल सांडत नाही, हवा आत घेतं. म्हणून कोरडी जागाच जास्त संशयाची. तडकलेला रबरी होज, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर, अति आवळलेला क्लिप, असली किरकोळ मंडळीच इथे सापडतात. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक होज टाकला की बुडबुडे उघड्या डोळ्यांनी दिसतात. नाना पेठेत असा तुकडा चहा-भज्यांच्या पैशांत मिळतो.

त्याहून खात्रीची परीक्षा डब्याची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटजवळ नीट अडकवायचा, टाकीची लाइन सोडवून नवा होज त्यात बुडवायचा, परतीची नळीही त्यातच सोडायची. तासभर गाडी सुरळीत चालली तर पंप निर्दोष सुटला. गुन्हेगार टाकी आणि फीड पंप यांच्या मधेच कुठेतरी आहे.

एकदा अशाच परीक्षेनंतर आम्ही टाकीचं झाकण उघडलं तेव्हा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मालकाने झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. टाकीला श्वास घ्यायची वाटच बंद! डिझेल कमी होईल तशी आत पोकळी तयार होई आणि वीस मिनिटांत इंजिन गुदमरे. पिशवी काढली, बिल शून्य. मालकाला ते पटायला वेळ लागला, कारण पंपासाठी पैसे काढून ठेवलेले होते. (त्याची पाण्याची भीती मात्र खोटी नव्हती. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ते पावसाळ्यात अधूनमधून काढावंच.)

एवढं करूनही इंजिन चालू राहून थरथरत असेल तर चुली तपासायच्या. आयडलिंगला एकेका नोझलच्या नळीचा नट पाऊण फेरा सैल करायचा. निरोगी सिलिंडरचा नट सोडला की आवाज लगेच पडतो. ज्याच्या नटाने काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम सोडून बसलाय. मग त्याचं नोझल शेजारच्याशी बदलायचं : दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवरच राहिला तर टॅपेट किंवा कॉम्प्रेशन.

हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर, डोळ्यांवर चष्मा आणि नटावर फडकं ठेवून. कॉमन रेल गाडीवर चुकूनही नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीत सुईसारखी शिरते. जखम टिकलीएवढी दिसते, पण तडक ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं. यांत्रिक पंपाच्या धारेसमोरही बोट धरू नयेच.

दोष जागेवरच राहिला, तर हेड उघडायचं की नाही, हे कॉम्प्रेशन गेज लावून ठरवावं लागेल. तो गेज पुढच्या आठवड्यात.