तुरुंगाच्या इतिहासात कच्च्या कैद्याला स्थान हवे

लखनौ : आलमबाग भागातील कांशीराम इको गार्डनमध्ये फिरायला येणाऱ्यांना तेथे पूर्वी जिल्हा कारागृह होते, हे सांगितल्याखेरीज कळत नाही. काकोरी खटल्यातील क्रांतिकारकांना याच कारागृहात ठेवण्यात आले होते. मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री हेही त्या खटल्यात आरोपी होते. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे कारागृह गोसाईंगंजला हलले, जुनी वास्तू पाडली गेली आणि उद्यान उभे राहिले.

वास्तू गेली, तरी कारागृह संग्रहालयाची गरज संपत नाही. कोलकात्याचे अलीपूर कारागृह २०२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. येरवड्यात २०२१ पासून कारागृह पर्यटन सुरू झाले. या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृती केंद्रस्थानी आहेत आणि ते योग्यच आहे. मात्र, सुधारणेचा विचार रुजवायचा असेल, तर सामान्य बंद्याची कहाणीही सांगावी लागेल.

त्यासाठी बेड्यांपेक्षा कारागृह नियमावली अधिक बोलकी आहे. साध्या कारावासातील बंद्याला हलकी मानलेली कामे देऊ नयेत, पण तो अशी कामे करण्याची ‘सवय असलेल्या’ समाजाचा असल्यास द्यावीत, अशा आशयाची तरतूद उत्तर प्रदेशच्या २०२२ च्या नियमावलीतही होती. म्हणजे हा वसाहतकाळाचा अवशेष म्हणून सोडून देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी विविध राज्यांतील अशा जातिभेदमूलक तरतुदी रद्द केल्या आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले.

दुसरा विषय कच्च्या कैद्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला निकाली निघालेला नव्हता. हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. सर्वाधिक बंदी उत्तर प्रदेशात होते.

लखनौत कारागृह अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी डॉ. संपूर्णानंद संस्था १९४० पासून आहे. तिच्या सान्निध्यात संग्रहालय झाल्यास भावी अधीक्षकही त्याचे प्रेक्षक ठरतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास तो सुटकेस पात्र ठरतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे यास अपवाद आहेत. त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने अधीक्षकांवरच टाकली आहे.