मापं दोन, पण अंतर एकच हवं

नागपूरचं पोलीस मुख्यालय असो की राज्यातलं दुसरं मैदान, शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुष १६०० मीटर धावतात, महिला ८००. पुरुषांच्या हाती ७.२६० किलोचा गोळा, महिलांच्या हाती ४ किलोचा. काम एकच, मग मापं दोन का, ही कुरकुर दर भरतीला ऐकू येते. उत्तर शरीरात आहे. पुरुषांच्या रक्तात हिमोग्लोबिन सरासरीने जास्त, स्नायूही जास्त. आणि ही तफावत पायांपेक्षा खांद्या-दंडांत मोठी. म्हणून हलका गोळा ही मेहेरबानी ठरत नाही. धावण्याचं अंतर निम्मं करायला मात्र असा आधार नाही. ८०० मीटरचा जागतिक विक्रम पुरुषांत १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा, महिलांत १ मिनिट ५३.२८ सेकंदांचा, फरक सुमारे १२ टक्के. १५०० मीटरलाही तो ११ टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे सूट वेळेत द्यावी, अंतरात नको.

‘चोर काही बाई बघून हळू पळत नाही,’ हा आक्षेप खराच आहे. पण भरतीत उमेदवाराची तंदुरुस्ती जोखली जाते. कामाची तयारी प्रशिक्षणात होते. तेव्हा जखमीला ओढत नेणं, भिंत ओलांडणं अशा प्रत्यक्ष कामांची परीक्षा प्रशिक्षणाअखेर घ्यावी आणि ती सर्वांना एकच ठेवावी. पोट सुटलेल्या जुन्या हवालदारांनाही ती दरवर्षी द्यायला लावावी. तंदुरुस्तीचा प्रश्न फक्त महिलांपुरता नाही.