शर्यतीतील लबाडी आणि फौजदारी कायदा

वसई पूर्वेतील एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला जनावरांच्या शर्यतीची दोन जगे ठाऊक असतात. एक पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकाजवळचे रेसकोर्स, जिथे 1883 पासून घोडे धावत आहेत, आणि दुसरे गावोगावच्या यात्रांतील बैलगाडा शर्यतीचे, जिच्यासाठी पालघर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. लबाडी दोन्हीकडे संभवते, परंतु तिच्याकडे पाहण्याची कायद्याची नजर मात्र दोन्हीकडे वेगवेगळी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. त्यावर उतारा म्हणून महाराष्ट्राने 2017 मध्ये 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. ती बराच काळ न्यायालयात अडकून पडली आणि 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त मोकळीक मिळाल्यावर, 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. या दुरुस्तीने शिक्षेचे स्वरूपच पालटले. मूळ कायद्यात जनावराला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्यास 10 ते 50 रुपये दंड आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने चहापाण्याचा खर्च. शर्यतीच्या अटी मोडणाऱ्यास मात्र 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या अटी कशासाठी घातल्या आहेत, हे मैदानावर उभे राहिल्यास चटकन कळते. बैल जोरात पळावा म्हणून शेपूट पिरगळणे किंवा चावणे, पराणीने टोचणे, चाबूक ओढणे, हातात लपवलेल्या बॅटरीचा झटका देणे हे जुने प्रकार आहेत, आणि त्यांत उत्तेजक औषधांची भर पडली आहे. अशी इजा एकाच वेळी दोघांना फसवते: मुक्या जनावराला आणि शेजारच्या गाडामालकाला, ज्याचा बैल स्वतःच्या दमावर धावत असतो. कायदा यांतील पहिली फसवणूक पाहतो, दुसरी त्याच्या ध्यानात येत नाही. औषधाने जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तेच औषध घेऊन बैल धडधाकट राहिला आणि बक्षीस जिंकून घरी गेला, तर हरलेल्या मालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. आदत, दुसा, चौसा अशा दातांवरून ठरणाऱ्या गटांत वयाने मोठा बैल खपवणे ही लबाडीही, तक्रार झालीच तर, बहुधा पंचांच्या निवाड्यावर मिटते.

सट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने पैज लावणे गुन्हा ठरवले असून, परवाना असलेल्या रेसकोर्सवर ठरवून दिलेल्या जागी घोड्यावर लावलेली पैज वगळली आहे. रेसकोर्सचे परवाने 1912 च्या स्वतंत्र कायद्याने दिले जातात. घोड्याला मिळणारी ही सवलत त्याहूनही जुनी आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करार निरर्थक मानते, पण घोड्यांच्या शर्यतीतील 500 रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी काढलेल्या वर्गणीला अपवाद करते. घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 1996 मध्ये म्हटले. बैलाच्या वाट्याला असा अपवाद आलेला नाही, त्यामुळे गावच्या मैदानावर लागणारी प्रत्येक पैज बेकायदाच ठरते.

खरी पोकळी आहे ती निकाल आधीच ठरवून घेण्याच्या बाबतीत. जॉकीने, म्हणजे घोडेस्वाराने, बुकीकडून पैसे घेऊन जिंकू शकणारा घोडा मुद्दाम खेचून धरला, तर रेसकोर्सचे स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे नियामक पंच, त्याचा परवाना काढून घेऊ शकतात किंवा त्याला रेसकोर्सवर पाऊल ठेवण्यास मनाई करू शकतात. हा रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबच्या नियमांचा अधिकार आहे, तुरुंगाचा नव्हे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मुख्यतः लोकसेवकांसाठी आहे आणि जॉकी लोकसेवक नाही. उरते फसवणुकीचे कलम, पूर्वीचे 420 आणि आताचे 318, ज्यात 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे; परंतु कोणाला, काय सांगून, कोणती मालमत्ता द्यायला लावली हे त्यात सिद्ध करावे लागते. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये, क्रिकेटच्या एका प्रकरणात, प्रेक्षक स्वखुशीने तिकीट काढतात म्हणून सामनानिश्चिती ही 420 खालची फसवणूक ठरत नाही, असा निर्णय दिला. निर्णय क्रिकेटचा असला, तरी त्यातील तर्क घोड्यालाही लागू पडू शकतो.

इतर काही देशांनी हा प्रश्न थेट हाताळला आहे. ब्रिटनच्या 2005 च्या जुगार कायद्यात पैजेतील फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा असून तिच्यासाठी 2 वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि फसवणाऱ्याला फायदा झाला की नाही हा प्रश्न तिथे गौण मानला जातो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने 2012 मध्ये निकाल भ्रष्ट करणाऱ्यांसाठी 10 वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. अमेरिकेत मात्र, घोड्यांना उत्तेजक औषधे दिल्याबद्दल, होर्हे नव्हारो या प्रशिक्षकास 2021 मध्ये 5 वर्षांची, तर जेसन सर्व्हिस यास 2023 मध्ये 4 वर्षांची शिक्षा झाली. गंमत अशी की दोघांवरील खटले भेसळयुक्त औषधांच्या कायद्याच्या आधाराने उभे राहिले होते.

भारतात 2013 मध्ये क्रीडा गैरव्यवहार प्रतिबंधक विधेयकाचा मसुदा तयार झाला, आणि 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 276 व्या अहवालात निकालनिश्चिती हा कडक शिक्षेचा फौजदारी गुन्हा करावा, अशी शिफारस केली. तो मसुदा कायदा होऊ शकला नाही. शर्यती पुन्हा सुरू करण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जी तत्परता दाखवली, तिच्या निम्म्यानेही निकालनिश्चितीविरुद्धचे कलम राज्यापुरते तयार होऊ शकते.